तुळिंजच्या मुलींना साखळी सामने हवेत

महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पहिलाच सामना हरला, की त्या संघाचं वर्ष संपतं. या स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीनं होतात. सोळा महाविद्यालयांनी नावं दिली, तर पंधरा सामन्यांत विजेता ठरतो आणि सोळापैकी आठ संघ एकेक सामना खेळून परततात. त्यातही समोरचा संघ आलाच नाही, तर ‘पुढे चाल’ मिळते. म्हणजे बूट बांधून मैदानावर आलेल्या मुली न खेळताच पुढच्या फेरीत जातात. पदवीची तीन वर्षं महाविद्यालयाच्या संघात असलेली मुलगी खऱ्या सामन्यात किती वेळ खेळते, याचा हिशेब करायला बसलं तर अनेकदा तो काही तासांपलीकडे जाणार नाही.

मुंबई विद्यापीठाच्या सगळ्याच मुलींची ही अडचण आहे. पण वसईच्या खाडीच्या उत्तरेला राहणाऱ्या, त्यातही नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजसारख्या भागातल्या मुलींना ती जास्त महाग पडते. म्हणून या लेखाची मागणी सरळ आहे. वसई-विरारमधल्या महाविद्यालयांच्या मुलींसाठी वसई-विरारमध्येच साखळी सामने सुरू व्हावेत, दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी. आणि विद्यापीठानं ते आपल्या अधिकृत वेळापत्रकात घ्यावेत.

विद्यापीठ फुटबॉलची रचना आधी पाहू. महाविद्यालयांच्या स्पर्धेतून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळतो. तिथून अखिल भारतीय फेरी आणि तिथल्या आघाडीच्या संघांना खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. ही स्पर्धा पहिल्यांदा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची, म्हणजे एआययूची मुळं १९२५ पर्यंत मागे जातात. वयाची अट १७ ते २५. कागदावर यात काही कमी नाही. तुळिंजमधल्या एखाद्या चाळीत राहणारी मुलगी या वाटेनं देशपातळीवर पोहोचू शकते. पण वाटेच्या तोंडाशीच तिला जो एक सामना मिळतो, त्यात तिनं सगळं दाखवायचं असतं. त्या दिवशी ताप असला, पाळी असली, गाडी चुकली, पंचाचा एक निर्णय विरुद्ध गेला, तर पुढची संधी बारा महिन्यांनी.

गाडी चुकण्याची गोष्ट इथे गंभीरपणे घ्यायला हवी. नालासोपारा ते चर्चगेट हे अंतर ५६ किलोमीटर आहे. विद्यापीठाचं क्रीडा संकुल मरीन लाइन्सला, म्हणजे चर्चगेटच्या अलीकडच्या स्थानकावर. शहरात किंवा उपनगरात कुठेही सकाळचा सामना असला, तरी मुलीला पहाटे उठून, विरारहूनच भरून आलेल्या लोकलच्या महिला डब्यात किटबॅग घेऊन चढावं लागतं. सव्वा-दीड तास उभं राहून प्रवास केल्यावर लगेच वॉर्म-अप. समोरच्या संघातल्या मुली दहा-पंधरा मिनिटांवरून आलेल्या असतात. सामना सुरू होण्याआधीच पायातली ताकद कमी झालेली असते, आणि पराभवानंतर मात्र ‘स्टॅमिना कमी पडला’ एवढीच नोंद होते.

या मार्गावर बायकांच्या प्रवासाची दखल व्यवस्थेनं पूर्वी घेतलेली आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट-बोरिवली अशी फक्त महिलांसाठीची लोकल सोडली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वेळा लक्षात घेऊन गाडीचं वेळापत्रक आखलं गेलं, आणि त्याचा लाभ आजही हजारोंना होतो. खेळणाऱ्या मुलींच्या वेळा लक्षात घेऊन स्पर्धेचं वेळापत्रक आखणं त्याहून पुष्कळ सोपं आहे. तिथे नवे डबे लागत नाहीत.

आता तुळिंजकडे बघू. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की तुळिंज रोड, पुढे आचोळे, विजय नगर, संतोष भुवन अशी वस्ती पसरत जाते. मुंबईत घर परवडेनासं झालेली कुटुंबं गेल्या तीसेक वर्षांत इथे आली: कोकणातली, देशावरची, उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, गुजरातमधली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर ती किती वाढली, याचा अंदाज २०२४ च्या विधानसभा निवडणुकीवरून येतो. एकट्या नालासोपारा मतदारसंघात सहा लाखांहून अधिक मतदार होते. एवढ्या माणसांत फुटबॉल खेळू शकणाऱ्या शंभर-दोनशे मुली सापडणार नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं संध्याकाळी इथल्या गल्ल्यांत एक चक्कर मारावी. दोन इमारतींच्या मधल्या फरसबंदीवर मुलं खेळतात, त्यांत नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलीही असतात. बाराव्या-तेराव्या वर्षी त्या दिसेनाशा होतात. महाविद्यालयाच्या स्पर्धेचा विचार या वयापासून करावा लागतो, कारण संघ तिथे तुटतो.

रेल्वेच्या पश्चिमेला चित्र थोडं वेगळं आहे. वसईच्या ख्रिस्ती गावांत फुटबॉल घरातला खेळ आहे. चर्चच्या आवारात, वाडीला लागून असलेल्या मोकळ्या जागेत, सुट्टीच्या दिवसांत गावागावांचे सामने होतात आणि म्हातारीकोतारी माणसंही बघायला उभी राहतात. मुलींनाही तिथे चेंडू परका नाही. पश्चिमेची ही परंपरा आणि पूर्वेची ही प्रचंड वस्ती यांच्यामध्ये एका पुलाचं अंतर आहे. एकत्र आणणारी स्पर्धा नसल्यामुळे दोन्हीकडच्या मुली एकमेकींशी खेळतच नाहीत.

महाविद्यालयात मुलींचा संघ कसा बनतो, हे क्रीडाशिक्षकांना विचारावं. नाव नोंदवायची तारीख जवळ येते. कबड्डीतल्या चार, खो-खोतल्या तीन, धावण्याच्या शर्यतीतल्या दोन, हँडबॉल खेळलेली एक गोलकीपर म्हणून, आणि शाळेत खरोखर फुटबॉल खेळलेल्या दोघी-तिघी. त्यांना जर्सी वाटायची, एलिजिबिलिटी फॉर्म भरून घ्यायचे, आठवडाभर सराव करायचा आणि जायचं. यात शिक्षकांचा दोष नाही. एका सामन्यासाठी वर्षभर मैदान, प्रशिक्षक आणि पंचवीस मुलींचा वेळ मागायला गेलं, तर प्राचार्य विचारणारच की कशासाठी. दहा सामने ठरलेले असतील तर हाच प्रश्न उलट बाजूनं येईल: सराव कुठे चाललाय?

खो-खोचं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खो-खोत महाराष्ट्राच्या मुली इतकी वर्षं पुढे राहिल्या, त्यामागे पुणे, ठाणे, सांगली, धाराशिवकडची मंडळं आणि तिथला रोजचा संध्याकाळचा सराव आहे. स्पर्धा आली म्हणून कुणी तिथे पळायला शिकत नाही. मुलींच्या फुटबॉलला असा रोजचा सराव द्यायचा, तर वर्षभर पुढचा सामना समोर दिसायला हवा.

इंग्लंडच्या विद्यापीठांत हे कसं होतं, ते पाहण्यासारखं आहे. तिथे बुधवारची दुपार खेळांसाठी मोकळी ठेवण्याची पद्धत आहे. विद्यापीठांचे महिला संघ आपापल्या भागातल्या विद्यापीठांशी साखळीत खेळतात, ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत. एका विद्यापीठाचे दोन-तीन संघही वेगवेगळ्या श्रेणींत असतात. म्हणजे नवशिकी मुलगी नवशिक्यांशी खेळते आणि पहिल्याच दिवशी बारा-शून्यनं हरून खेळ सोडत नाही. आणि हा तोच देश, जिथे फुटबॉल संघटनेनं ५ डिसेंबर १९२१ रोजी आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. त्याच्या वर्षभर आधी, १९२० च्या नाताळात, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार प्रेक्षक आले होते. बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. त्या पन्नास वर्षांच्या नुकसानीनंतरही तिथला महिला फुटबॉल पुन्हा उभा राहिला.

अमेरिकेत तर महिला फुटबॉल विद्यापीठांनीच घडवला. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला मनाई केली, आणि त्याचा सगळ्यात ठळक परिणाम खेळांत दिसला. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला आणि तो अमेरिकेनं जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स हे त्याच वेळी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९ वर्षांची मिया हॅम त्याच विद्यापीठात शिकत होती. विश्वविजेता संघ घडवायला व्यावसायिक क्लब असावेच लागतात असं नाही. वर्गात बसणाऱ्या मुलींना नियमित सामने मिळाले तरी पुरतं.

भारतातही अशी सुरुवात झालेली आहे. अमृतसरच्या बीबीके डीएव्ही महिला महाविद्यालयाचा संघ २०१९-२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये देशातल्या क्लबांविरुद्ध उतरला होता. त्याच मोसमात एफसी कोल्हापूर सिटी हा आपला संघही त्या लीगमध्ये होता. कोल्हापुरात पेठांचा फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, शाहू स्टेडियमवर हंगामात पाय ठेवायला जागा नसते. त्या मातीतून मुलींचा संघ राष्ट्रीय लीगपर्यंत गेला. याच जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या बेकनाळ गावची अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळली, आशियाई फुटबॉल महासंघाचं ‘ए’ लायसन्स मिळवलं आणि पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट विभागाची प्रमुख झाली. बेकनाळपासून मोठी शहरं किती लांब आहेत, हे नकाशावर पाहिलं की तुळिंज त्या मानानं फारच सोयीच्या जागी आहे असं म्हणावं लागतं.

पण तुळिंजला सगळ्यात जवळचं उदाहरण मुंब्र्याचं आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोवर मुंब्रा आणि नालासोपारा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. दोन्हीकडे तीच दाटी, तीच मुंबईतून बाहेर पडलेली कुटुंबं, मुलींच्या बाहेर राहण्याच्या वेळेवर तोच घरचा पहारा. २०१२ मध्ये सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंब्र्यात ‘परचम’ ही संस्था सुरू केली आणि मुलींना फुटबॉलच्या मैदानावर आणलं. मुसलमान आणि हिंदू घरांतल्या मुली एका संघात खेळाव्यात, हाही त्यामागचा विचार होता. मुलींना सगळ्यात आधी टोचली ती जागेची गोष्ट. मैदानं होती, पण ती मुलांची होती. मुली उतरल्या की टोमणे, किंवा मध्येच सुरू झालेलं क्रिकेट. तेव्हा त्यांनी घरोघरी, रस्त्यारस्त्यावर सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींसमोर ठेवली. मागणी मान्य झाली.

या घटनेकडे जितकं लक्ष जायला हवं होतं तितकं गेलं नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे ‘सहभाग’ म्हणून शिकवतात, ते पंधरा-अठरा वर्षांच्या मुलींनी खेळण्यासाठी केलं. फुटबॉल खेळायला मिळावं म्हणून त्या नगररचनेपर्यंत गेल्या. त्यांच्या मोहिमेतून नालासोपाऱ्यानं घ्यायची गोष्ट ही, की मैदान मोकळं असणं पुरेसं नसतं. मुलींसाठी वार आणि वेळ लिहून राखून ठेवावी लागते आणि ती पाळली जाते की नाही, हे कुणीतरी बघावं लागतं.

मैदानाचा प्रश्न तुळिंजमध्ये अर्थातच कठीण आहे. पूर्ण आकाराचं फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. पावणेदोन एकराच्या आसपास. नालासोपारा पूर्वेत पावणेदोन एकर मोकळी जमीन आणि तिच्यावर बांधकाम नाही, हे दृश्य दुर्मीळ झालं आहे. विकास आराखड्यातल्या आरक्षणांचं इथे काय होतं, ते अग्रवाल नगरी परिसरात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून त्यांत घरं घेतली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. सांडपाण्याच्या प्रकल्पाची जागा जिथे वाचली नाही, तिथे खेळाच्या मैदानाचं आरक्षण वाचवायला किती जागरूक राहावं लागेल, हे यावरून कळावं. महापालिकेनं आपल्या हद्दीतल्या खेळासाठी आरक्षित भूखंडांची सद्यस्थिती प्रभागनिहाय जाहीर करावी. मैदान हरवण्याआधी ते कुठे होतं, एवढं तरी नागरिकांना माहीत असायला हवं.

तोवर थांबायची गरज नाही. साखळीची पहिली दोन वर्षं सात-सात जणींच्या संघांनी छोट्या मैदानावर खेळता येतील. गेल्या काही वर्षांत वसई-विरारमध्ये भाड्याचे टर्फ उभे राहिले आहेत, संध्याकाळी त्यांवर दिवे लागतात. तिथे बहुतेक तरुण मुलं तासाप्रमाणे पैसे भरून खेळतात. मुलींना ते भाडं परवडत नाही आणि रात्रीची वेळ घरून मिळत नाही. महापालिकेनं किंवा महाविद्यालयांनी शनिवारी दुपारचे तीन तास घेतले, तर मालकाचंही नुकसान नाही, कारण दुपारी टर्फ रिकामाच असतो. राजोडी आणि कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत पळण्याचा सराव करता येतो आणि तो फुकट आहे. पूर्ण मैदानावरचे सामने वसई आणि विरारच्या मोठ्या महाविद्यालयांनी घ्यावेत. वसईचं संत गोन्सालो गार्सिया, वसई रोडचं अण्णासाहेब वर्तक, विरारचं विवा ही नावं या परिसरातल्या प्रत्येक घरात माहीत आहेत. नालासोपाऱ्याहून वसई रोड एक स्टेशन दक्षिणेला, विरार एक स्टेशन उत्तरेला. चर्चगेटची दीड तासांची ओढाताण पाच-सात मिनिटांवर येते.

सहा महाविद्यालयं मिळाली तरी साखळी होते. प्रत्येक संघानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवलं, तर एकूण ३० सामने आणि प्रत्येक संघाला दहा. सोळा संघांच्या बाद स्पर्धेच्या बरोबर दुप्पट सामने, तेही अर्ध्याहून कमी संघांत. पहिल्या सामन्यात आठ गोल खाल्लेली गोलकीपर पाचव्या सामन्यात तीनच खाते आणि नवव्यात एकही नाही. ही सुधारणा बाद पद्धतीत कधीच दिसत नाही, कारण तिथे दुसरा सामनाच नसतो. विद्यापीठाच्या निवड समितीलाही एका दिवसाच्या चाचणीऐवजी दहा सामन्यांची नोंद हातात मिळेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मुलींना अभ्यास आहे, सत्र परीक्षा आहेत, कित्येक जणी कॉलेज करून नोकरीही करतात. आक्षेप खरा आहे. नालासोपाऱ्यातल्या पुष्कळ मुली सकाळचं कॉलेज आटोपून अंधेरी-गोरेगावला कामाला जातात. म्हणूनच सामना जवळ हवा, तो ठरलेल्या वारी हवा आणि तारीख महिनाभर आधी माहीत हवी. सध्या आयत्या वेळी समजणाऱ्या तारखेसाठी त्या मुलीला रजा मागावी लागते, आणि ती मिळाली नाही की संघात दहाच जणी उरतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात खेळासारख्या सहशैक्षणिक उपक्रमांना क्रेडिट मिळण्याची तरतूद झाली आहे. वर्षभराची साखळी खेळलेल्या मुलीला ते क्रेडिट देणं महाविद्यालयाला सहज शक्य आहे. हजेरीपट म्हणून सामन्यांची अधिकृत नोंद असेलच.

शरीराबद्दलही मोकळेपणानं बोलायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी तासभर पळू शकत नाही, आणि तिला ‘आळशी’ म्हणून बाकावर बसवलं जातं. मोसमाच्या सुरुवातीला हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी. महापालिकेचं रुग्णालय तुळिंजमध्येच आहे. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते, आणि आठवडाभराच्या सरावावर कठीण जमिनीवर उतरलं की धोका वाढतो. त्यावर फिफानं तयार केलेला ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या व्यायामानं गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला कोणतंही यंत्र लागत नाही. शिकलेला शिक्षक आणि शिस्त लागते. शिवाय मैदानाजवळ स्वच्छ शौचालय, कपडे बदलायला बंद खोली, पिण्याचं पाणी. या तीन गोष्टी नसल्या की घरचे दुसऱ्यांदा पाठवत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही.

२०२२ मध्ये जगातला महिला फुटबॉल दोनदा आपल्या दाराशी आला. जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशिया चषक नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीत झाला. भारतीय संघात कोविड पसरल्यामुळे पहिल्या सामन्यानंतरच यजमानांना बाहेर पडावं लागलं. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला आणि ३० तारखेला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. भारताच्या मुली त्या स्पर्धेत तिन्ही सामने हरल्या, अमेरिकेकडून तर ०-८. त्या पराभवावर पुष्कळ बोललं गेलं. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? विश्वचषकाचा अंतिम सामना भरवू शकणाऱ्या महामुंबईत मुलींना आठवड्याला एक सामना मिळत नसेल, तर आठ गोलांचा अर्थ वेगळा शोधायला नको. त्यानंतरही मुलींनी हार मानलेली नाही. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारतानं थायलंडला २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मैदानावर मिळवली.

खेळून पुढे काय, हा घरातला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे महिला फुटबॉलपटूंना नोकरी देते, आणि रेल्वेच्या संघानं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदही जिंकलेलं आहे. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक आणि पंच होता येतं. गोव्याच्या मारिया रेबेलो यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये पंच म्हणून शिट्टी वाजवली, आणि गोव्याच्याच उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सहायक पंच होत्या. साखळीच्या ३० सामन्यांना पंच लागतील, रेषेवर सहायक लागतील, धावफलक आणि नोंदवही सांभाळणाऱ्या लागतील. ही कामं त्याच महाविद्यालयांतल्या मुलींना शिकवून, थोडं मानधन देऊन करून घ्यावीत. संघात निवड न झालेली मुलगीही मग खेळात राहील.

मुलींच्या कागदपत्रांकडेही महाविद्यालयानं लक्ष द्यावं. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटात रिंकू राजगुरूनं उभी केलेली मुलगी पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा शोधत वणवण फिरते, तो भाग ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुळिंजमधली कित्येक कुटुंबं भाड्याच्या घरात, दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलत राहतात. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, गुणपत्रिकेवर तिसरं. विद्यापीठाच्या संघात निवड झाल्यावर चार दिवसांत ही दुरुस्ती होत नाही, आणि चांगली खेळाडू कागदामुळे घरी राहते. प्रवेशाच्या वेळीच जिमखान्यानं मुलींची कागदपत्रं तपासून घेतली, तर दुरुस्तीला वर्षभर मिळतं.

वेळापत्रक असं मांडता येईल. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारपासून, गणपतीचा आठवडा वगळून, सप्टेंबरअखेरपर्यंत पाच फेऱ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर सत्र परीक्षा आणि दिवाळीसाठी मोकळे. डिसेंबर-जानेवारीत उरलेल्या पाच फेऱ्या. सामने दुपारी तीनला, म्हणजे अंधार पडायच्या आत मुली घरी. जून-जुलैच्या पावसात मैदानं पाण्याखाली असतात, तेव्हा सभागृहात व्यायाम आणि पंचांचं प्रशिक्षण. खर्चाचा मोठा भाग पंचांचं मानधन, चेंडू, प्रथमोपचार, रुग्णवाहिका आणि दुपारचं खाणं यांवर होईल. कला-क्रीडा महोत्सव आणि महापौर मॅरेथॉन भरवणाऱ्या शहराला हा खर्च जड नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागानं या साखळीला मान्यतेचं पत्र दिलं, महापालिकेनं एका मैदानाचे दहा शनिवार लिहून दिले आणि सहा महाविद्यालयांच्या जिमखाना प्रमुखांनी मे महिन्यात एकदा एकत्र बसून फेऱ्या आखल्या, तर पहिला सामना येत्या ऑगस्टमध्येच होऊ शकतो.